चौथं दिंड

दौलतरावांची पहिली बायको विषमज्वरानं गेली आणि दीड वर्षानं मंजुळाबाई त्यांच्या घरात आली. दापोडीला रेल्वेच्या रुळांलगत कौलारू खोल्यांची एक ओळ होती, त्यातल्या शेवटून दुसऱ्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड. दौलतराव वर्कशॉपात फिटर होते. घरात नऊ वर्षांची शालन. मंजुळाबाई पारनेरकडची, चोविशी उलटलेली, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं घोडनवरीच. तिची ट्रंक टांग्यातून उतरायच्या आधीच गल्लीत तिचं नाव पडलं होतं: सावत्र.

त्या नावाला ती फार भ्यायची. शालनची वेणी घालायची ती उंबऱ्यात बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. तव्यावरची पहिली भाकरी शालनच्या ताटात, आणि तेही जरा मोठ्यानं म्हणून, "घे गं, गरम आहे तोवर खा." भिंतीपलीकडे राहणाऱ्या दुर्गाबाईंना ऐकू जावं म्हणून. माया नव्हती असं नाही. माया होती, पण ती लोकांना दाखवल्याशिवाय तिला खरी वाटायची नाही. शालन तिला 'मावशी' म्हणायची. पोर शांत, अभ्यासात हुशार, गुबगुबीत. मंजुळाबाईला मूल झालं नाही, आणि पुढं पुढं तिला त्याचं वाईटही वाटेनासं झालं.

शालनला तेरावं लागलं त्या वर्षी गुढीपाडव्याला पोलकं शिवायला घेतलं. मंजुळाबाई अंगावर माप धरत हसून म्हणाली, "आता तुला एकीला दोघींचं कापड लागणार बघ." दुर्गाबाई दारात गहू निवडत होत्या, त्याही हसल्या. शालनसुद्धा हसली.

सगळं त्या बोलण्यावरून सुरू झालं का, हे मंजुळाबाईला पुढं कधीच कळलं नाही. तिनं शालनला विचारलंही होतं. शालन म्हणाली होती, "कुठलं बोलणं?" तिला खरोखर आठवत नव्हतं, की मावशीचं मन राखायला ती तसं म्हणाली, तेही कळलं नाही.

आधी शालननं सोमवार धरले. मग शुक्रवार. मग चतुर्थी. वयात येणारी पोर देवाधर्माचं करते म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. दौलतरावांनी तिला जपाची माळ आणून दिली. मग उपवास नसलेल्या दिवशीही ती ताटात चिवडत बसू लागली. भाकरीचे नखाएवढे तुकडे करायची, ते मोजल्यासारखे ओळीनं मांडायची, आणि शेवटी म्हणायची, "झालं माझं." पण स्वयंपाक मात्र तिला करायला हवा असायचा. पिठलं असं करायची की दौलतराव बोटं चाटायचे. दोघांना आग्रह करकरून वाढायची, आणि ते खात असताना त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. शेजारणींचं पाणी भरून द्यायची. काम नसलं की नदीच्या पुलापर्यंत झपझप जायची आणि तशीच परत यायची, पुन्हा जायची.

पावसाळ्यात एक दिवस मंजुळाबाईनं जातं सरकवलं, तर मागं फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या निघाल्या. आठ-दहा दिवसांच्या. बुरशी आलेल्या. तिनं शालनला हाक मारली आणि काही न विचारता तिच्या थोबाडीत दिली. पोर रडली नाही. गाल धरून म्हणाली, "मावशी, तू ओरडू नकोस. बाहेर ऐकू जातं."

म्हणजे पोरीलाही ठाऊक होतं की मावशी कशाला भिते.

वर्षभरात शालनचं रूप पालटलं. गालांची हाडं वर आली, डोळे आत गेले, हातांवर बारीक लव उगवली, भर वैशाखात ती गोधडी मागू लागली. न्हाण येऊन चार महिने झाले होते, ते बंद झालं. मंजुळाबाई तिला शाळेत पाठवताना आत दोन परकर घालायला लावायची, पोलक्याच्या आत दुसरं पोलकं. अंग दिसू नये म्हणून. शालन मुकाट्यानं घालायची. पण मनगटं झाकायची कशानं? नळावर बायका आता उघड बोलायच्या. "स्वतः बघा कशी टुमटुमीत आहे." "पोरीच्या तोंडचा घास जातो कुठं, कळायला नको?" मंजुळाबाई हंडा भरायची आणि मान खाली घालून चालू लागायची. उलट उत्तर द्यायला तिच्याजवळ शब्द होते, पण ते ऐकणार कोण? वाढते मी, ती खात नाही. हे तर जगातली प्रत्येक दुष्ट सावत्र आई म्हणेल.

दौलतरावांना तर ह्या विषयाचीच लाज होती. त्यांनी एकदा भोसरीहून देवऋषी आणला. तो म्हणाला, पहिलीची सावली आहे. अंगारा झाला, लिंबू झालं, शालन होती तशीच. त्यानंतर दौलतराव जेवणाच्या वेळी घरी थांबायचंच टाळू लागले. डबा घेऊन वर्कशॉपात लवकर जायचे.

सत्तावन्न सालच्या आषाढात शालन नळाच्या वाटेवर चक्कर येऊन पडली. मंजुळाबाई तिला उचलायला वाकली आणि मनात चरकली. चौदाव्या वर्षातली पोर तिनं एका हातानं उचलली. घरी न नेता ती तिला तशीच हमरस्त्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. फौजेतून निवृत्त झालेले होते, गल्लीत त्यांना सगळे मिलिटरी डॉक्टरच म्हणायचे.

डॉक्टरांनी एकेक कपडा उतरवायला लावला. दोन परकर, दोन पोलकी. मंजुळाबाई खाली बघत राहिली. काट्यावर चौसष्ट रत्तल भरले, नऊ वर्षांच्या पोरीएवढं वजन.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"सव्वा वर्ष झालं. मी वाढते हो डॉक्टर, देवाशपथ वाढते..."

"मी विचारलं का तुम्हाला वाढता की नाही?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. त्यांनी शालनला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लोटलं. "हे दुखणं आहे, बाई. भूतबाधा नाही, नाटकंही नाहीत. मनातून उठतं आणि शरीर खातं. पुस्तकात ह्याला नाव आहे, ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. उपयोगाचं एवढंच की ह्यात पोरी मरतात. काळीज थकतं आणि एक दिवस थांबतं."

मंजुळाबाईनं लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"आता दुसरं नीट ऐका. भुकेनं मरतात तशा खाण्यानंही मरतात. ब्रह्मदेशात लढाई संपली तेव्हा जपान्यांच्या छावणीतून आमची माणसं सुटली. नुसते सापळे. आमच्या जवानांना दया आली. त्यांनी डबे फोडले, दूध-साखर, मांस, पोटभर खाऊ घातलं. तीन वर्षं उपाशी राहून जगलेली माणसं चार दिवस जेवून मेली. माझ्यासमोर मेली. विझत आलेल्या चुलीत एकदम मोठा ओंडका टाकलात तर काय होतं?"

"विझते," मंजुळाबाई म्हणाली.

"तेच. हिला भाताची पेज द्यायची, मीठ घालून. दूध अर्धी वाटी आणि तेवढंच पाणी. दर दोन तासांनी. गोडधोड नाही, तूप नाही, पोटभर तर एकदाही नाही. निदान पंधरा दिवस. पाय सुजले किंवा धाप लागली तर हातातलं काम टाकून माझ्याकडे या. खरं म्हणजे आजच पुण्याच्या दवाखान्यात ठेवायला हवी."

दौलतराव पुण्याला न्यायला तयार झाले नाहीत. "मनाचं दुखणं म्हणून कागदावर लिहितील. मग पोरीला कोण पत्करील?" ते म्हणाले. "पंचमी होऊ दे, मग बघू."

मंजुळाबाईनं पेज सुरू केली. पहिले दोन दिवस शालननं वाटीकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मावशी, तू माझ्याकडे बघू नकोस. पाठ करून बस आणि दुसरं काही तरी बोल." मंजुळाबाई पाठ करून बसली आणि पारनेरच्या आपल्या घरातल्या आंधळ्या म्हशीची गोष्ट सांगू लागली. गोष्ट संपली तेव्हा वाटी रिकामी होती. रोज तसंच. म्हशीच्या गोष्टी संपल्या तेव्हा तिनं मनानं नव्या रचल्या. सहाव्या दिवशी शालन तिच्या पाठीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "मला मरायचं नाही, मावशी. पण घास तोंडाशी नेला की आतून कुणी तरी हात धरतं. पेजेला नाही धरत. पेज म्हणजे पाणीच ना."

"हो गं, पाणीच," मंजुळाबाई म्हणाली. आपल्या डोळ्यांतलं पाणी तिला दिसू नये म्हणून ती मागं वळली नाही. त्या खोलीत त्या घटकेला कुणी बघणारं नव्हतं, आणि तसं कुणी असावं असं तिला वाटलंही नव्हतं.

आठव्या दिवशी नागपंचमी आली.

शालनचं आजोळ चाकणजवळच्या एका वाडीत होतं. आजी गवराबाई आणि मामा कोंडाजी. दर पंचमीला मामा भाचीला न्यायला यायचा. मागच्या वर्षी शालननंच काही तरी कारण कळवून त्याला येऊ दिलं नव्हतं, त्यामुळे दोन वर्षांत तिला तिकडच्या कुणी पाहिलं नव्हतं. ह्या खेपेला आजीही आली. पंचमीला तवा ठेवत नाहीत, म्हणून मंजुळाबाईनं पुरण भरून दिंडं उकडली होती. कणकेच्या चौकोनी घड्या, आत गूळ-डाळीचं पुरण, वरून तूप. ती पाहुण्यांसाठी होती. शालनची पेज चुलीच्या कडेला ठेवली होती.

गवराबाईंनी नातीला बघितलं आणि दारातच बसकण मारली. "आगं माझे बाय! हे काय झालं गं तुझं?" त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि सोडून दिलं, भाजल्यासारखं. मग त्यांची नजर पेजेच्या वाटीवर गेली. "ही कुनाची?"

"शालनची," मंजुळाबाई म्हणाली. "तिला डॉक्टरांनी..."

"माझ्या लेकीच्या लेकीला पेज! सनावाराची! आन् टोपल्यात दिंडं कुनासाठी? तुझ्यासाठी?" गवराबाईंचा आवाज चढला. शेजारपाजारच्या बायका दाराशी जमल्या. दुर्गाबाई सगळ्यांच्या पुढं. कोंडाजी मामा हातातलं बोचकं खाली ठेवून म्हणाला, "दाजी, आमी पोर घिऊन जातो. हितं ठिवली तर ती ऱ्हात न्हाई."

दौलतराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"वाढते मी तिला," मंजुळाबाई म्हणाली. तिचं तिलाच ते खोटं वाटलं. "तीच खात नाही. डॉक्टर म्हणाले की..."

"डॉक्टरचं नाव पुढं करायला काय जातं?" दाराशी कुणी तरी म्हणालं, आणि बायकांत एक हसू फिरलं.

पाच वर्षं तिच्या पाठीमागं जे चाललं होतं ते आज तिच्या चुलीपुढं उभं राहिलं होतं.

तेव्हा शालन उठली. भिंतीला धरून पाटावर येऊन बसली. म्हणाली, "आजी, मावशी रोज वाढते. मीच खात नाही. तिच्यावर कुणी बोलू नका." मग मंजुळाबाईकडे बघून म्हणाली, "वाढ मावशी. आज खाते मी."

मंजुळाबाईनं तिच्याकडे पाहिलं. पोरीचे डोळे मोठे झाले होते, कपाळावर घाम होता. तिच्या आत कुणी तरी हात धरत असणार, आणि ती तो सोडवत होती. कुणासाठी, हे मंजुळाबाईला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्या वेळात ती बोलू शकली असती. 'नको, हिला हे देऊ नका, मरेल ती.' एवढंच म्हणायचं होतं. पण मग टोपलं झाकून ठेवणारी सावत्र आई सगळ्या गल्लीनं डोळ्यांनी पाहिली असती. तिनं ताट घेतलं. एक दिंड वाढलं, तूप घातलं.

शालननं खाल्लं. सावकाश, पण खाल्लं. गवराबाई रडत-हसत म्हणाल्या, "घाल, आनिक घाल." दुसरं. तिसरं. दूध. दाराशी बायका पुढं सरकल्या होत्या. दुर्गाबाई म्हणाल्या, "खाते की हो पोर." आणि त्यांच्या आवाजात मंजुळाबाईला प्रथमच आपल्याबद्दल काही तरी निराळं ऐकू आलं. तिच्या छातीत ऊब पसरली. तिला सुख झालं. सगळ्यांसमोर आपल्या हातानं आपली पोर जेवते आहे ह्याचं सुख.

शालननं हात आखडता घेतला. पुरे, अशी मान हलवली. गवराबाईही थांबल्या होत्या. आणि मंजुळाबाईनं टोपल्यातून चौथं दिंड काढलं, तूप ओतलं, जरा मोठ्यानं म्हणाली, "घे गं, माझ्यासाठी एक घे." आणि आपल्या हातानं तिला भरवलं.

ते चौथं दिंड तिला कुणी वाढायला सांगितलं नव्हतं.

आजी आणि मामा दोन दिवस राहिले. आता खायला लागलीच आहे तर न्यायची कशाला, असं ठरलं. गवराबाई नातीला दूधभात भरवायच्या, गुळाचा शिरा करायच्या. शालननं एकदा खाल्लं तशी ती खातच राहिली. जणू बांध फुटला होता आणि तिलाही तो आवरेना. मंजुळाबाई चुलीपुढून सगळं बघत होती. दोन-तीनदा तिनं तोंड उघडलं. "जरा बेतानं," म्हणाली. गवराबाई म्हणाल्या, "आता तरी खाऊ दे गं." आणि ती गप्प बसली. गवराबाई आता तिला 'मंजुळे' म्हणू लागल्या होत्या, लेकीला म्हणावं तसं, आणि ते तिला सोडवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालनची पावलं भरलेली दिसली. गवराबाईंनी ती दाबून बघितली आणि सांगितलं, "बघा, अंग धरलं पोरीनं." दुर्गाबाईंना बोलावून दाखवलं. मंजुळाबाईनं बघितलं. बोट दाबलं तिथं खळगा पडत होता आणि तो भरून येत नव्हता. डॉक्टरांचं बोलणं तिला शब्द न् शब्द आठवलं. हातातलं काम टाकून माझ्याकडे या. पण कोंडाजी निघायच्या बेतात होता, शिदोरी बांधायची होती, आणि आत्ता जर डॉक्टरांकडे धावलं तर आजीला सगळं कळेल. तिनं मनाशी म्हटलं, ही दोघं गेली की जाऊ. दुपार तर होऊ दे.

पाहुण्यांची एस.टी. अकराला गेली. मंजुळाबाई परत आली तर शालन भिंतीला टेकून बसली होती, ओठ निळसर, श्वास अर्ध्यावर तुटत होता. "मावशी," ती म्हणाली, "पाठ करून बस ना." आणि मग काही तरी असंबद्ध बोलू लागली.

मंजुळाबाईनं तिला उचललं आणि ती पळत सुटली. डॉक्टरांनी नाडी धरली, पायांवर बोट दाबलं, काही न विचारता आपली जुनी मोटार काढली. मागच्या बाकावर शालनचं डोकं मंजुळाबाईच्या मांडीवर होतं. नदीचा पूल ओलांडून गाडी बोपोडीशी आली तेव्हा शालनच्या अंगाला एकदा झटका आला आणि ती निपचित झाली. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. मागं येऊन तिच्या छातीला कान लावला. मग आपली टोपी काढून हातात धरून ते रस्त्यावर उभे राहिले. बाजूनं लष्कराचे ट्रक जात होते. दुपारचा एक वाजला होता.

दहाव्याच्या दिवशी गवराबाई आल्या. सगळी गल्ली जमली होती. त्यांनी मंजुळाबाईला धरलं आणि एवढ्या थोरल्या बाईनं खाली वाकून तिचे पाय धरले. "तुला नावं ठिवली गं मी. माझ्या शालीनं मरायच्या आदी खरं सांगितलं म्हनून कळलं. तुझ्या हातनं पोटभर जेवून गेली माझी बाय." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दुर्गाबाई म्हणाल्या, "सख्खी आई करणार नाही असं केलं हिनं." पाच वर्षं ह्याच वाक्यासाठी ती जगली होती. ते आता ऐकताना तिला वाटलं, अंगावर कुणी चिखल ओततं आहे आणि अत्तर म्हणून ओततं आहे. तिनं गवराबाईंना उठवलं. आणि बसायला पाट दिला.

रात्री तिनं दौलतरावांना खरं काय ते सांगितलं. ते आढ्याकडे बघत पडले होते. "पुण्याला मीच नेलं नाही," ते म्हणाले. "तू आता हे कुणाला बोलू नकोस." आणि कूस बदलली.

मग ती डॉक्टरांकडे गेली. सगळं सांगितलं. तीन दिंडं, दूध, चौथं दिंड, दोन दिवसांचा शिरा, सकाळचे पाय. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"पेजेवर असती तर वाचली असती?" तिनं विचारलं.

"सांगता येत नाही. अशा पोरी पेजेवरही जातात. चौसष्ट रत्तल म्हणजे आधीच काठावर होती."

"पण वाचलीही असती."

डॉक्टरांनी चष्मा चढवला. "हो," म्हणाले. "वाचलीही असती."

ते खोटं बोलले नाहीत म्हणून तिला त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि त्या एका 'हो'चं ओझं घेऊन ती पुढचे आठ दिवस वावरली. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र ती उठली, घरात कुणाला न सांगता नाशिक रस्त्याची एस.टी. धरली, चाकणला उतरली आणि चिखलातून तासभर चालत वाडीवर गेली.

गवराबाई घरामागच्या कांदाचाळीत कांदे निवडत होत्या. पावसाळ्यात साठवणीतले कांदे सडतात, सडका वेळेवर काढला नाही तर शेजारचा नासतो. मंजुळाबाईला बघून त्यांचा चेहरा उजळला. "ये गं मंजुळे. पोळ्याला आलीस व्हय?"

मंजुळाबाई उभ्यानंच बोलली. बसली तर बोलता येणार नाही असं तिला वाटलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं, ब्रह्मदेशातल्या माणसांचं सांगितलं, आठ दिवस पेजेवर पोर कशी सावरत होती ते सांगितलं. "मला ठाऊक होतं, आत्याबाई. ताट घेतलं तेव्हा ठाऊक होतं. पायांची सूज बघितली तेव्हाही ठाऊक होतं. आणि शेवटचं दिंड तर तुम्ही पण वाढा म्हणाला नव्हतात."

गवराबाईंच्या हातात कांदा तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "मला का सांगितलंस?"

मंजुळाबाई पायांना लागलेल्या चिखलाकडे बघत उभी राहिली.

"पोर माझ्या हातनं चार घास खाऊन गेली, एवढंच हुतं माझ्यापाशी. रोज त्येच घिऊन झोपायची मी. त्ये बी न्हेलंस." त्या रडत नव्हत्या. आवाज अगदी कोरडा होता. "मी शिरा केला. दोन दीस. ह्या हातानं."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"न्हवतं. तुला हुतं. मग का गं न्हाई बोललीस? मी काय तुला खाल्लं असतं?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"लोकांची," मंजुळाबाई म्हणाली, आणि तो शब्द उच्चारल्यावर तो किती लहान आहे हे तिला कळलं. दाराशी उभ्या सहा-सात बायका. त्यांतल्या निम्म्यांची तर तिला नावंही नीट ठाऊक नव्हती.

तिला वाटलं, आता ही म्हातारी शिव्या देईल, अंगावर माती फेकील. ती त्यासाठीच आली होती हेही तिला तेव्हाच उमगलं. मनातलं तिथं टाकून हलकं होऊन जायला आली होती, आणि ज्या बाईजवळ एक घास शिल्लक होता तोही काढून घेऊन निघाली होती. त्या विचारानं तिची मान आणखी खाली गेली.

गवराबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. जा म्हणाल्या नाहीत आणि बस असंही म्हणाल्या नाहीत. एकच विचारलं, "पेज पिताना ती काय बोलायची?"

मंजुळाबाईनं आंधळ्या म्हशीचं सांगितलं. पाठीला पाठ लावून बसण्याचं सांगितलं. मरायचं नाही म्हणाली होती, तेही सांगितलं. ते सांगावं की नाही ह्याचा तिनं क्षणभर विचार केला, पण आता काहीही झाकून ठेवायचं तिच्यानं होईना. गवराबाईंनी ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि कांद्यांकडे वळल्या.

परतीची एस.टी. चारला होती. मंजुळाबाई ढिगाच्या दुसऱ्या बाजूला खाली बसली आणि कांदे निवडू लागली. कुणी तिला बस म्हटलं नव्हतं. सडके एका बाजूला, चांगले एका बाजूला. उन्हं कलली तशी गवराबाई न बघता म्हणाल्या, "गाडी चुकंल तुझी."

ती उठली. हात धुवायला पाणी मागायचा तिला धीर झाला नाही. तशीच ती चाकणच्या वाटेला लागली.